गच्चीवरच्या भाजीबागेचा तयार संच: पिशवी, माती आणि नागपूरचं ऊन

संच घरी आला की आधी रिकामी पिशवी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. वर '२४० जीएसएम' छापलेलं असतं, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन २४० ग्रॅम. २४ इंच व्यास आणि ९ इंच उंचीच्या पिशवीला तळ आणि भिंत मिळून ०.७३ चौरस मीटर कापड लागतं. तिचं वजन १७५ ग्रॅमच्या खाली असताच कामा नये. १५ बाय १५ ची पिशवी १३५ ग्रॅम आणि १२ बाय १२ ची ८५ ग्रॅम तरी भरली पाहिजे. दुमड, शिवण आणि धरायच्या पट्ट्या धरल्या तर थोडं जास्तच. मोठी पिशवी १३० ग्रॅम भरली तर कापड १८० जीएसएमच्या आसपासचं आहे, छापील आकडा काहीही म्हणो. असं कापड एक हिवाळा छान काढतं. दुसऱ्या उन्हाळ्यात वरची कड बोटांनी चुरली की पापुद्रे निघतात, आणि भरलेली पिशवी सरकवायला गेलं की पट्टी हातात येते.

कापड चांगलं असलं तरी दोरा बघायला विसरू नका. या पिशव्या बहुधा कापडाआधी शिवणीतच जातात. साधा पांढरा दोरा उन्हात कुजल्यासारखा तुटतो आणि तळाचा गोल सुटतो. तळाच्या शिवणीवर नखानं खरवडा. दोरा जाड, दुहेरी आणि सलग असेल तर पिशवी तीन-चार वर्षं निघते.

हे परीक्षण ज्या प्रकारच्या संचाचं आहे तो नागपुरात दुकानांतही मिळतो आणि ऑनलाइनही. ठोकळमानानं आत असतं ते असं: २४×९, १५×१५ आणि १२×१२ इंची प्रत्येकी चार, अशा बारा पिशव्या, कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) पाच-पाच किलोच्या दोन विटा, वीस किलो गांडूळखत, किलोभर निंबोळी पेंड, कडुनिंबाच्या तेलाची छोटी बाटली, ठिबकची नळी आणि ड्रिपर (थेंब-थेंब पाणी सोडणारी तोंडं), हिरवी जाळी, बियाण्यांची दहा पाकिटं, एक खुरपं. डब्यावर 'माती सोडून सगळं' असं काहीतरी लिहिलेलं असतं. ते 'सोडून' किती मोठं आहे हे आत कुठेच सांगत नाहीत.

हिशोब करून बघू. पिशवी काठापासून दोन इंच रिकामी ठेवून भरली तर २४×९ मध्ये ५२ लिटर मिश्रण मावतं, १५×१५ मध्ये ३७-३८ आणि १२×१२ मध्ये १८-१९. बारा पिशव्यांचे झाले ४३० लिटर. कोकोपीटची पाच किलोची वीट फुलून ६० ते ७५ लिटर होते, दोन विटांचे फार तर १५०. वीस किलो गांडूळखत म्हणजे तीसेक लिटर. एकूण १८० लिटर. उरलेले अडीचशे लिटर, म्हणजे सिमेंटच्या पोत्यांनी मोजलं तर सात-आठ पोती, तुम्हालाच आणायचे आहेत आणि जिन्यानं वर चढवायचे आहेत. घेणारे बहुतेकजण इथेच फसतात. पिशव्या अर्ध्याच भरल्या जातात आणि मग 'झाडं वाढत नाहीत' ही तक्रार सुरू होते. चार इंच मिश्रणात वांगं येत नाही, त्यात बियाण्याचा काही दोष नाही.

बाहेरून माती आणताना नागपूरची खरी अडचण समोर येते. इथली काळी माती शेतात सोनं, पिशवीत वीट. ती चिकणमाती पाणी पिऊन फुगते, वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात ती पिशवीच्या भिंतीपासून बोटभर सुटते, मग घातलेलं पाणी कडेच्या फटीतून सरळ खाली वाहून जातं आणि मुळं कोरडीच राहतात. खालून पाणी निघालेलं दिसतं म्हणून आपण समजतो भरपूर झालं. पावसाळ्यात याच्या उलट, तीच माती तळाशी चिखल धरून बसते आणि मिरची मुळाशी सडते. काळी माती एक पंचमांशाच्या वर जाऊ देऊ नका.

इथल्या हवेला मानवणारं प्रमाण असं: पोयटा किंवा लाल माती ३० टक्के, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा घरचं कंपोस्ट ३० टक्के, धुतलेलं कोकोपीट ३० टक्के आणि उरलेले १० टक्के धानाचं तूस. मौदा, रामटेक, भंडाऱ्याकडे राइस मिल भरपूर, त्यामुळे तूस आपल्याकडे परलाइटपेक्षा (माती मोकळी ठेवणाऱ्या पांढऱ्या हलक्या खड्यांपेक्षा) कितीतरी स्वस्तात मिळतं आणि माती मोकळी ठेवायचं काम तेवढंच करतं. त्यात सिलिका जास्त असल्यानं ते लवकर कुजत नाही. प्रत्येक मोठ्या पिशवीत दोन मुठी निंबोळी पेंड मिसळा. संचातली किलोभर पेंड पहिल्या भरणीला पुरते. औष्णिक केंद्राची राख 'माती हलकी करते' म्हणून कोणी सुचवेल, ती भाजीच्या मातीत नको. नाग नदीकाठचा गाळ स्वस्तात मिळाला तरी तोही नको. त्या पात्रातून शहराचं सांडपाणी वाहतं.

कोकोपीट धुवावंच लागतं. माहितीपत्रकात ही पायरी नसते. वीट मोठ्या टबात २० ते २५ लिटर पाण्यात तासभर भिजवायची, हातानं मोकळी करायची, गोणपाटात घालून पिळायची आणि पुन्हा स्वच्छ पाणी. कोऱ्या चहासारखं पाणी फिकं होईपर्यंत, साधारण तीन वेळा. हलक्या प्रतीच्या विटेत क्षार जास्त असतात. त्यात बोअरचं जड पाणी मिळालं की पंधरा दिवसांत पानांच्या कडा तपकिरी पडतात, आणि लोक त्याला रोग समजून फवारणी करत बसतात.

गांडूळखताची परीक्षा सोपी आहे. मूठभर खत काचेच्या ग्लासात पाण्यात ढवळा आणि पाच मिनिटं थांबा. तळाशी रेती-मातीचा जाड थर बसला तर वजनासाठी भर घातलेली आहे. संचातलं खत चांगलं निघालं तरी ४३० लिटरला तीस लिटर म्हणजे सात टक्के. एवढ्यावर मेथी कशीबशी येईल. टमाटर फुलावर येऊन थांबेल.

स्लॅबवरच्या वजनाबद्दल माहितीपत्रकात एक ओळ असते: 'अत्यंत हलका'. हलकी असते ती रिकामी पिशवी. चालण्या-फिरण्याच्या गच्चीसाठी भारतीय मानक ८७५ मध्ये धरलेला भार चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे दीडशे किलोच्या आसपास. २४×९ ची पिशवी नुसत्या काळ्या मातीनं भरून पावसात भिजली की ८५-९० किलोची होते आणि तिच्याखालची जागा ०.२९ चौरस मीटर. हा भार चौरस मीटरला तीनशे किलोच्या घरात जातो. वरच्या हलक्या मिश्रणानं तीच पिशवी ५०-५५ किलोंत राहते. तरीही दोन पिशव्यांमध्ये एका पिशवीएवढी मोकळी जागा सोडायची, रांग खालच्या भिंती आणि बीमच्या रेषेवर लावायची, आणि बाहेर आलेल्या सज्जावर किंवा बाल्कनीच्या टोकाला एकही ठेवायची नाही. स्लॅब जुना असेल, सळई दिसत असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. पिशवी कधीही थेट स्लॅबवर नको. चार विटांवर फरशीचा तुकडा ठेवला की खालून हवा खेळते, गच्चीवरच्या चायना चिप्सच्या (फुटक्या फरशीच्या तुकड्यांच्या) सांध्यांत ओल मुरत नाही आणि मे महिन्यात तापलेल्या स्लॅबची आच मुळांना लागत नाही. पावसाचं पाणी जाणाऱ्या पाइपाचं तोंड मोकळं ठेवा आणि त्यावर जाळी बसवा. पिशवीतून धुपून आलेलं कोकोपीट तिथेच अडकतं.

संचातली सगळ्यात निराश करणारी वस्तू ठिबक. नळी ठीक आहे, जोडणीचे तुकडेही ठीक. ड्रिपरवर 'ताशी ४ लिटर' लिहिलेलं असतं ते एक बार दाबाला. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला उंची मिळते फार तर दोन मीटर, म्हणजे ०.२ बार. दाब पाचवा हिस्सा झाला की साध्या ड्रिपरचा प्रवाह निम्म्याहून खाली येतो, ताशी १.८ लिटरच्या आसपास. माहितीपत्रकात 'रोज १५ मिनिटं' लिहिलंय. पंधरा मिनिटांत पिशवीला अर्धा लिटरही मिळत नाही, आणि मे महिन्यात मोठ्या पिशवीला दिवसाला तीन-चार लिटर लागतात. म्हणजे प्रत्येक मोठ्या पिशवीला दोन ड्रिपर आणि सकाळी-संध्याकाळी अर्धा-अर्धा तास, तेव्हा कुठे जमतं. महागड्या संचात दाब-नियंत्रित ड्रिपर देतात. ते एवढ्या कमी दाबाला नीट चालतच नाहीत. टाकीच्या पाण्यासाठी साधेच बरे. सोबत टायमर घ्यायचा असेल तर बॉल व्हॉल्व्हचा, म्हणजे शून्य दाबावर चालणारा घ्या. सोलेनॉइडवाल्याला, म्हणजे विजेच्या चुंबकावर चालणाऱ्याला, उघडायलाच दाब लागतो. तो टकटक आवाज करेल आणि पाणी येणार नाही.

दुसरी गोष्ट, पाण्यातला चुना. बोअरचं पाणी असेल तर दोन-तीन महिन्यांत ड्रिपरच्या तोंडाशी पांढरी खपली धरते. काढून रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवायचे. सुई घालू नका, भोक मोठं होतं आणि मग एकाच पिशवीला सगळं पाणी जातं. उन्हाळ्यात दुपारी ठिबक चालू करणं तर टाळाच. काळ्या नळीत साठलेलं पाणी हात भाजेल एवढं तापलेलं असतं आणि ते थेट मुळांवर उतरतं.

ठिबकपेक्षा इथे मातीचं मडकं जास्त कामाचं. दीडेक लिटरचं, न रंगवलेलं, कच्च्या लाल रंगाचं गाडगं मोठ्या पिशवीच्या मध्यभागी गळ्यापर्यंत पुरायचं, भरायचं आणि वर पणती झाकायची. पाणी पाझरत राहतं आणि एखाद्या दिवशी नळ आला नाही तरी झाड तगतं. जुलै २०१९ मध्ये पेंचच्या धरणांत पाणी उरलं नव्हतं आणि महापालिकेला शहराला दिवसाआड पाणी द्यावं लागलं होतं. बारा पिशव्यांना भर उन्हाळ्यात रोजचे २५ ते ३० लिटर लागतात. ते कुठून येणार हे संच घेण्याआधी ठरवा. भाज्या आणि डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी चालतं, साबणाचं नाही.

जाळीबद्दल थोडक्यात. संचात बहुधा ७५ टक्के सावलीची गडद हिरवी जाळी असते. ती पार्किंगला बरी. तिच्याखाली टमाटर आणि वांग्याची झाडं लांबलचक वाढतात, कळी धरत नाहीत. भाजीसाठी ५० टक्के पुरते, तीही मार्चच्या शेवटापासून पहिला दमदार पाऊस होईपर्यंतच. हिवाळ्यात काढून ठेवा. बांधताना सात फूट उंच, जीआय तारेवर, आणि चारही कोपरे कठड्यात ठोकलेल्या हुकांना. टाकीच्या पाइपाला बांधलेली जाळी मे-जूनच्या वावटळीत पाइपासकट जाते.

बियाण्यांची पाकिटं उघडली की संच कोणत्या शहरासाठी बनवलाय ते कळतं: लेट्युस, ब्रोकोली, झुकिनी, चेरी टोमॅटो, बेसिल. पाकिटावर 'पॅक केल्याची तारीख' दिसते, जातीचं नाव आणि उगवण चाचणीची तारीख दिसत नाही. यातलं चेरी टोमॅटो नागपुरात हिवाळ्यात खरंच चांगलं येतं, ते ठेवा. बाकीचं बाजूला सारून कृषी केंद्रातून नाव असलेलं बियाणं घ्या. पावसाळी भेंडीसाठी परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका, कारण पांढऱ्या माशीतून येणारा केवडा रोग साध्या भेंडीला ऑगस्टमध्ये पिवळं करून टाकतो. पालक ऑलग्रीन, मेथी पुसा अर्ली बंचिंग.

संचातल्या तक्त्यात 'वर्षभर लावा' असा शिक्का आहे. नागपुरात वर्षाचे तीन वेगळे तुकडे पडतात. पाऊस स्थिरावला की भेंडी, गवार, बरबटी (चवळीच्या शेंगा), दोडका, अंबाडी. ऑगस्टच्या शेवटी ट्रेमध्ये टमाटर, वांगी, मिरचीचं रोप टाकायचं आणि सप्टेंबरच्या अखेरीस ते पिशवीत हलवायचं. ऑक्टोबर ते जानेवारी हा खरा हंगाम: मेथी, पालक, सांभार (कोथिंबीर), मुळा, गाजर, पोपटाच्या (वालाच्या) शेंगा. सांभाराचे धणे चपलेनं हलके रगडून दोन फाकी केल्याशिवाय पेरू नका. आठ ते बारा दिवस उगवत नाही म्हणून पुन्हा पेरू नका. फेब्रुवारीनंतर पेरलेला सांभार पानाऐवजी फुलावर जातो. एप्रिल-मे मध्ये टमाटरला कितीही पाणी घाला, पारा चाळिशीपार गेला की परागकणच नीट राहत नाहीत आणि फूल गळतं. त्या दिवसांत पिशवी रिकामी ठेवायची नसेल तर चिवळ, चवळाई आणि जाळीखाली अंबाडी. गोडलिंबाचं (कढीपत्त्याचं) एक झाड १५×१५ मध्ये कायमचं ठेवा. या संचातली सगळ्यात फायद्याची पिशवी तीच ठरते.

मिरचीचा कोकडा हाही नेहमीचा प्रश्न. पानं वर वळली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी कीड. संचातलं कडुनिंबाचं तेल पाण्यात मिसळतच नाही, वर तवंग धरतं. आधी तेल भांड्याच्या द्रव साबणाच्या एक-दोन थेंबांत घोटायचं, मग लिटरला ५ मिली तेल या मापानं कोमट पाणी हळूहळू घालायचं. फवारणी सूर्य मावळल्यावर. दुपारी फवारलं तर पानं करपतात.

आता उत्पन्न. २४×९ च्या पिशवीत ८-१० ग्रॅम मेथी फेकून पेरली की २५ ते ३० दिवसांत एक चांगली जुडी निघते, अडीचशे-तीनशे ग्रॅमची. चारही मोठ्या पिशव्या मेथीलाच दिल्या तर महिन्याला चार जुड्या. चौघांच्या घरात डाळभाजीचे दोन-तीन बेत झाले की संपलं. सांभारवडीचा बेत असेल तर बाजारात जावंच लागेल. पालेभाजीपुरतं जवळपास स्वयंपूर्ण व्हायचं असेल तर मोठ्या पिशव्या सोळा ते वीस लागतील आणि दर आठवड्याला चार-पाच पेराव्या लागतील, सगळ्या एकदम नाही. संचात १५×१५ आणि १२×१२ चा भरणा आहे, कारण त्या स्वस्त पडतात. पालेभाजीला खोली नाही, तोंड रुंद लागतं.

डब्याच्या मागच्या बाजूला शहराबद्दलही दावे आहेत: पूर रोखा, शहर थंड ठेवा, अन्नसुरक्षा मिळवा. क्युबातल्या हवाना शहराचा फोटोही असतो. पुराचं घ्या. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. बारा पिशव्यांची सगळी तोंडं मिळून दोन चौरस मीटरही भरत नाहीत, त्यांच्यावर पडतं १९० लिटर, आणि सप्टेंबरात तीन महिने भिजलेलं मिश्रण त्यातलं फारसं धरून ठेवत नाही. पूर रोखायचा तर गच्चीचं पाणी पाइपानं बोअरच्या पुनर्भरणात सोडा. गारव्याचंही तसंच: पिशव्या आणि जाळीच्या थेट खालची खोली थोडी कमी तापते, शेजारची नाही.

हवानाचं उदाहरण अर्धवट सांगितलं जातं. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, क्युबाला मिळणारं तेल आणि खत आटलं, आणि तिथे शहरातल्या मोकळ्या जागांवर कडा बांधून कंपोस्टनं भरलेले वाफे उभे राहिले, त्यांनाच ऑर्गॅनोपोनिको म्हणतात. ते जमिनीवर होते, सामूहिक होते, पाठीशी सरकार होतं. नागपुरात त्याच्या जवळ जाणारी जागा गच्ची नाही, लेआउटमधले सार्वजनिक वापराचे ओपन स्पेस आहेत. त्यांपैकी कितीतरी गाजरगवतानं भरलेले असतात. बारा पिशव्यांचा संच तिथवर पोचत नाही.

तरी एक दावा खरा आहे, आणि नेमका तोच डब्यावर नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये भाजीबाजार विस्कळीत झाले तेव्हा कांदे-आलू घरात टिकून होते. पहिल्या दोन दिवसांत संपतो तो पाला: सांभार, मेथी, पालक, हिरवी मिरची. आणि नेमकं हेच बारा पिशव्यांत येतं. शिवाय चौघांच्या घरातून दिवसाला अर्धा किलो ओला कचरा निघतो असं धरलं तर वर्षाचा १८० किलो. तो भांडेवाडीच्या कचरा डेपोत जाण्याऐवजी गच्चीवरच्या दोन झाकणाच्या ड्रममध्ये गेला तर ३० ते ४० किलो खत देतो. दर हंगामाला पिशव्यांमध्ये जी भर घालावी लागते तिचा मोठा भाग त्यातून निघतो. एका ड्रममध्ये भरायचं, दुसरा पिकू द्यायचा. दर थरावर वाळलेला पाला किंवा तूस, नाहीतर वास येतो आणि अळ्या पडतात. संचात खुरप्याऐवजी एक भोकं पाडलेला ड्रम दिला असता तर तो जास्त कामाला आला असता.

घ्यायचा का? पूर्ण संच घ्यायचाच असेल तर ऑगस्टच्या मध्यात घ्या, म्हणजे मिश्रण तयार करून पंधरा-वीस दिवस मुरवता येतं आणि हिवाळी हंगाम पूर्ण मिळतो. मार्चमध्ये सवलतीत मिळतो तेव्हा घेतला तर पहिला अनुभव एप्रिलच्या उन्हाचा येईल आणि पिशव्या माळ्यावर जातील. सुटं घेणं आमच्या मते जास्त शहाणपणाचं: २४×९ च्या आठ पिशव्या काट्यावर तोलून, १५×१५ च्या दोन (एक गोडलिंबाला, एक वांग्याला), पाच किलोच्या दोन कोकोपीट विटा, शेणखताची चार पोती, पोयट्याची चार, तुसाचं दीड पोतं, ५० टक्के जाळी गच्चीच्या मापानं, आणि कुंभाराकडून आठ गाडगी. गाडगं घेताना आत पाणी भरून दहा मिनिटं थांबा. बाहेरून ओलसर झालं तरच ते पाझरतं.